आधी रिकामी साखळी फिरवा!



तुमच्यापैकी किती जणांना कुत्रा पाळायचा आहे? हात वर करा पाहू!

हा प्रश्न मी माझ्या वर्गात विचारते, तेव्हा जवळजवळ सगळे हात वर जातात. एखाद्याला मांजर हवी असते, एखादीला ससा. एक जण खिडकीबाहेर बघत असतो, त्याने प्रश्नच ऐकलेला नसतो! मग मी दुसरा प्रश्न विचारते. "उद्या सकाळी सहा वाजता, धो धो पावसात, त्याला फिरवायला खाली कोण नेणार?" आता मात्र एकेक हात हळूच खाली येतो. "आई नेईल." "बाबा नेतील." "बाई, पावसात नाही नेलं तर चालणार नाही का?"

हा दुसरा प्रश्न मला एका कुत्र्याने शिकवला. त्याचीच गोष्ट आज सांगते.

मी भांडुपला प्राथमिक शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात शाळा उघडली, तेव्हा फाटकापाशी एक कुत्रा बसलेला दिसला. रंग फिकट तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला आणि गळ्यात लाल पट्टा. मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं. नाव ठेवलं लाल्या! पण लाल्याचं लक्ष मुलांकडे नव्हतंच. रस्त्यात रिक्षा थांबली की तो धावत जायचा, आत डोकवायचा, शेपूट हलवायचा. मग शेपूट खाली घालून परत जागेवर येऊन बसायचा. पुढची रिक्षा आली की पुन्हा तेच. भांडुपच्या रस्त्यावर दिवसभरात रिक्षा किती, हे काय तुम्हाला सांगायला हवं?

आमच्या शिपाईमामांनी खरी हकिकत सांगितली. मे महिन्याच्या सुट्टीत एक रिक्षा फाटकाशी थांबली. कुणीतरी कुत्र्याला खाली उतरवलं, बिस्किटांचा पुडा फोडून समोर टाकला आणि तो खाण्यात गुंतलेला असताना रिक्षा निघून गेली. तेव्हापासून तो तिथेच. त्याचं घर रिक्षातून गेलं होतं. ते रिक्षातूनच परत येईल, अशी त्याची समजूत!

हे ऐकून चौथीतला एक मुलगा माझ्याकडे आला. डोळे भरून आले होते. म्हणाला, "बाई, मी नेऊ याला घरी?"

मी म्हटलं, "ने की! पण आधी एक परीक्षा. एक साखळी घे. महिनाभर रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला ती हातात धरून अर्धा तास फिरायचं. रविवारीसुद्धा आणि पावसातसुद्धा. साखळीला कुत्रा नाही, असं समजू नकोस. तो आहे आणि तुझी वाट पाहतोय, असं समज."

वर्ग खो खो हसला. पण तो मुलगा हसला नाही. त्याच्या परीक्षेचं काय झालं, ते शेवटी सांगते. तोवर मी त्याला जे जे सांगितलं, ते तुम्हीही ऐका.

एक सोपं गणित

कुत्रा साधारण दहा ते चौदा वर्षं जगतो. आपण मधला आकडा घेऊ, बारा. दिवसातून दोनदा फिरवायचं, तर वर्षाला 730 फेऱ्या. बारा वर्षांच्या किती? 8,760! तुम्ही आज चौथीत असाल, तर यातली शेवटची फेरी माराल तेव्हा तुमचं कॉलेजही संपलेलं असेल. मध्ये दहावी येईल, बारावी येईल, क्रिकेटचे सामने येतील. कुत्र्याला यातलं काही कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की वेळ झाली आणि दार उघडलं नाही.

फिरणं म्हणजे फक्त शी-शू नव्हे, बरं का! आपण वर्तमानपत्र वाचतो, तसा कुत्रा रस्ता हुंगतो. कोण आलं, कोण गेलं, सगळी बातमी त्याला नाकाने कळते. दिवसभर खाटेच्या पायाला बांधून ठेवलेला कुत्रा चिडका होतो, चपला कुरतडतो, उगीच भुंकत राहतो. मग आपण म्हणतो, "कुत्रा वाईट निघाला!"

एक गंमत सांगू? ही गोष्ट आपल्या देशाच्या कायद्यातही लिहिलेली आहे. 1960 साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही, तर तो त्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे कंटाळा करणं हासुद्धा गुन्हा होऊ शकतो!

त्याचा डबा, त्याचं पाणी

"आम्ही खातो तेच तो खातो," असं पुष्कळ जण कौतुकाने सांगतात. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. म्हणजे आपली रस्सा-भाजी त्याला चालत नाही. चॉकलेट त्याला विषासारखं आहे. द्राक्षं आणि मनुका यांनी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांचे टोकदार तुकडे होतात आणि ते घशात किंवा आतड्यात रुततात. चहात बुडवलेलं बिस्कीट तो आवडीने खातो, पण आवडतं ते सगळं चांगलं असतं का? तुमच्या गोळ्या-चॉकलेटांबद्दल आई काय म्हणते, ते आठवा!

मग द्यायचं काय? बिनमसाल्याचा भात, पोळी, उकडलेलं अंडं, हाडं काढलेलं उकडलेलं मांस किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं खास खाणं. मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. लहान पिल्लाला थोडं थोडं, तीन-चार वेळा. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडून आणू नये. आणि स्वच्छ पाण्याचं भांडं चोवीस तास भरलेलं हवं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून तो धापा टाकतो, तेव्हाच त्याचं अंग थंड होतं. म्हणून दुपारच्या उन्हात त्याला तापलेल्या डांबरी रस्त्यावर चालवू नका. त्याच्या पायात चप्पल नाही!

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बर्फाळ प्रदेशातला जाड केसांचा कुत्रा चित्रात छान दिसतो, पण मुंबईच्या उकाड्यात त्याचे हाल होतात. आपले देशी कुत्रे इथल्या हवेला सरावलेले असतात. मुधोळच्या कुत्र्यांचं नाव ऐकलंय का? लांब पायांचे, सडपातळ आणि वाऱ्यासारखे पळणारे शिकारी कुत्रे. मुधोळ हे एके काळी घोरपड्यांचं मराठी संस्थान होतं, आता ते कर्नाटकात आहे. 2005 साली या कुत्र्याचं चित्र असलेलं टपाल तिकीटही निघालं. पण या कुत्र्याला पळायला मोकळं रान लागतं. चाळीतल्या किंवा फ्लॅटमधल्या घरासाठी आपला साधा गावठी कुत्रा काय वाईट आहे?

साबण आणि पंधरा मिनिटं

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेबीज हा विषाणूने होणारा रोग आहे. रोगी कुत्रा चावला की लाळेतून हा विषाणू जखमेत जातो आणि हळूहळू मेंदूपर्यंत पोचतो. कधी काही आठवडे लागतात, कधी महिने. एकदा लक्षणं दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. पण लक्षणं दिसण्याआधी लस घेतली, तर हा रोग टाळता येतो.

ही लस पहिल्यांदा कोणाला दिली, माहीत आहे? तुमच्याच वयाच्या एका मुलाला! नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पिसाळलेला कुत्रा चावला होता. 6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या लशीचे उपचार त्याच्यावर सुरू झाले आणि तो वाचला. पाश्चर 28 सप्टेंबर 1895 रोजी वारले. म्हणून 28 सप्टेंबर हा दिवस आज जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात.

कुत्रा चावला किंवा त्याचा दात नुसता लागला, तरी घरी लपवू नका. ओरडा बसेल म्हणून मुलं लपवतात, हे मला ठाऊक आहे. जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट असलं काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, अशी भीती आजोबा घालतील. तो काळ गेला. आता दंडावर ठरावीक दिवशी चार-पाच वेळा सुई टोचतात, एवढंच. पण एकही दिवस चुकवायचा नाही. जखम खोल असेल तर डॉक्टर आणखी एक औषध जखमेभोवती टोचतात.

आणि "भुंकणारा कुत्रा चावत नाही" ही म्हण परीक्षेत लिहा, पण रस्त्यात तिच्यावर विसंबू नका! जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. अनोळखी कुत्रा जवळ आला तर पळायचं नाही. स्तब्ध उभं राहायचं.

तुमचा कुत्रा तीन महिन्यांचा झाला की त्याला रेबीजची लस द्यायची आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी. बाकीच्या रोगांच्या लशी आणि जंतांची औषधंही असतात. शाळेत तुमचं प्रगतिपुस्तक असतं ना, तसं त्याचं लशीचं पुस्तक! प्राण्यांच्या उपचारांची आपल्या मुंबईत जुनी परंपरा आहे. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेलं हे प्राण्यांचं रुग्णालय आजही चालू आहे.

शेजारीही माणसंच!

तुमचा कुत्रा तुमचा लाडका असेल, पण शेजारच्या आजींचा नसेल. त्यांना भीती वाटत असेल, तर "काही करत नाही हो तो!" असं म्हणून चालत नाही. साखळी आखडून धरा. लिफ्टमध्ये कोणी असेल, तर पुढच्या वेळी जा. आणि फिरायला जाताना खिशात जुनं वर्तमानपत्र ठेवा. कुत्र्याने रस्त्यावर घाण केली, तर ती उचलायची कोणी? ज्याचा कुत्रा त्याने! मुंबई महापालिकेच्या 2006 सालच्या स्वच्छतेच्या नियमांत यासाठी दंडही ठेवलेला आहे. मुंबईत कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीजची लस दिल्याचा दाखला लागतो.

भांडुपचं रान, भांडुपचा पाऊस

आमच्या भांडुपची एक खास जबाबदारी आहे. आमच्या पश्चिमेच्या टेकड्यांपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं हे रान, आणि त्यात बिबटे राहतात. कुत्रा हे बिबट्याचं सोपं भक्ष्य. वस्तीत उघडा कचरा पडला की कुत्रे जमतात आणि कुत्र्यांच्या मागोमाग बिबट्या येतो. 2004 साली उद्यानाभोवतालच्या वस्त्यांत बिबट्यांच्या हल्ल्यात बरीच माणसं दगावली. म्हणून रानाजवळ राहणाऱ्यांनी कुत्रा रात्री अंगणात किंवा ओट्यावर बांधून ठेवू नये. तो घरात घ्यावा. तुम्ही अंधारात त्याला रानाकडे फिरवायला नेऊ नका. कचरा झाकून ठेवा. कुत्र्याची राखण करायची म्हणजे घराचीही राखण झाली.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात त्याला खेळू देऊ नका. लेप्टोस्पायरोसिस हा रोग उंदराच्या मुतातून पाण्यात येतो आणि तो कुत्र्यालाही होतो, माणसालाही. फिरून आल्यावर पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्या आणि कानांच्या मागे गोचीड बघायचे. दिवाळीत तर त्याला फार सांभाळायला हवं. आपल्याला जे ऐकू येत नाही, ते त्याला ऐकू येतं. मग लवंगी माळेने त्याचं काय होत असेल! खिडक्या लावून घ्या, त्याच्याजवळ बसा.

मे महिन्यात तो कुठे जाणार?

भांडुपमध्ये कोकणातली घरं पुष्कळ. मे महिना आला की निघाले गावाला, गणपती आले की निघाले गावाला! पण कुत्र्याचं काय? रेल्वेत त्याला तुमच्या नेहमीच्या डब्यात नेता येत नाही. गार्डच्या डब्यातून किंवा वातानुकूलित पहिल्या वर्गाचा स्वतंत्र कूपे घेऊन, रीतसर नोंदणी करून न्यावं लागतं. मग शेजाऱ्यांना विचारावं लागतं, पाळणाघर शोधावं लागतं किंवा एकाला घरी थांबावं लागतं. हा प्रश्न कुत्रा आणण्याआधी सोडवायचा असतो. तो न सोडवलेली माणसं मग बिस्किटाचा पुडा घेऊन रिक्षात बसतात.

पाळलेल्या प्राण्याला विनाकारण वाऱ्यावर सोडणं हाही 1960 च्या त्याच कायद्याने गुन्हा आहे. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर जगता येत नाही. गाड्या ठाऊक नसतात, दुसरे कुत्रे त्याला हद्दीत शिरू देत नाहीत. त्यातून जो जगतो, त्याची पिल्लं रस्त्यावरच जन्मतात. आणि मग आपण म्हणतो, भटके कुत्रे फार झाले!

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. 1832 साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्रे मारण्याचा हुकूम काढला. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायांना बक्षीस होतं, त्यामुळे ते लोकांचे पाळलेले कुत्रेही ओढून नेऊ लागले. जून महिन्यात पारशी लोक भडकले, कोटातली दुकानं बंद झाली, दंगल झाली. आज तसं मारता येत नाही. 2001 साली नियम झाले, 2023 साली ते नव्याने झाले. त्याप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लं होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया करतात आणि रेबीजची लस देतात. कानाचं टोक कापलेला कुत्रा दिसला, तर समजा की त्याची शस्त्रक्रिया झालेली आहे.

महाभारतातला धर्मराज आठवतो ना? सगळे भाऊ वाटेत पडले, शेवटपर्यंत बरोबर राहिला तो एक कुत्रा. स्वर्गाच्या दारात इंद्र म्हणाला, "कुत्र्याला सोड आणि ये." धर्मराज म्हणाला, "जो माझ्या भरवशावर आला, त्याला मी सोडणार नाही." कुत्रा कोण होता, ते त्याला नंतर कळलं. "नाही" तो आधीच म्हणाला होता.

परीक्षेचा निकाल

आता त्या मुलाची गोष्ट. पहिले आठ दिवस तो रोज फिरला. लोक हसायचे. "काय रे, कुत्रा कुठे पळाला?" नवव्या दिवशी जोराचा पाऊस आला. दहाव्या दिवशी झोप लागली. बाराव्या दिवशी तो मधल्या सुट्टीत माझ्यासमोर उभा राहिला. मान खाली होती. म्हणाला, "बाई, मला नाही जमणार. आई-बाबा कामावर जातात, मी शाळेत. लाल्या दिवसभर एकटा राहील. मग एक दिवस आम्हीपण त्याला..." पुढे त्याला बोलवेना.

मी त्याला काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "शाबास! तू पास झालास."

वर्गाला आधी हे कळलंच नाही. मी फळ्यावर लिहिलं: "आज खरं सांगितलेलं 'नाही', सहा महिन्यांनी मोडलेल्या 'हो'पेक्षा चांगलं." ज्यांनी लाल्याला रिक्षातून आणून सोडलं, ती माणसं दुष्ट असतील असं मला वाटत नाही. पिल्लू आणलं त्या दिवशी तीही हौसेने "हो" म्हणाली असतील. त्यांना साखळी आधी रिकामी फिरवायला कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आणि लाल्या? आमचे शिपाईमामा पहाटे पाचला उठून टेंभीपाड्यापासून चालत शाळेत येतात. घरी त्यांची बायको असते, दार उघडं असतं. महिनाभर त्यांनी काही न बोलता त्याला सकाळ-संध्याकाळ खाऊ घातलं, डॉक्टरांकडे नेऊन लस टोचून आणली आणि एक दिवस घरी नेलं. आता तो मुलगा दर रविवारी त्यांच्याकडे जातो. लाल्याचे केस विंचरतो, गोचीड काढतो. रविवार त्याला जमतो, आणि रविवार त्याने अजून एकदाही चुकवलेला नाही.

शिपाईमामा सांगतात, लाल्या पहिले काही महिने रिक्षा दिसली की साखळी ताणायचा. आता ताणत नाही. फक्त एकदा वळून बघतो आणि पुढे चालू लागतो.

आई-बाबांसाठी दोन शब्द

वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू आणू नका. मूल "मी सगळं करीन" म्हणेल, आणि ते खोटं बोलत नसेल. पण नऊ वर्षांच्या मुलाला बारा वर्षांचा शब्द देता येत नाही. तो शब्द तुमचा असतो. मुलाने पाणी भरावं, केस विंचरावेत, तुमच्याबरोबर फिरायला यावं. डॉक्टर, परवाना, खर्च आणि रात्रीचं आजारपण मात्र तुमचं. घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारा. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, पण शेजाऱ्यांना त्रास होऊ न देणं तुमच्याच हातात आहे. कुत्र्याची पिल्लं होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया वेळेवर करून घ्या. आणि कुत्रा चावल्याचं मुलाने सांगितलं, तर आधी नळ सोडा, रागवायचं नंतर.

काय मग, दोस्तांनो? उद्यापासून घ्या एक दोरी. सकाळी सहा, संध्याकाळी सात. महिन्याभराने तुमच्या परीक्षेचा निकाल तुम्हीच लावा. "हो" आलं तरी छान, "नाही" आलं तरी छान. फक्त खरा लावा!